हात दिसले पाहिजेत

मेटल कॉन्सर्टमध्ये, म्हणजे त्या दणदणीत गिटारींच्या रॉक कार्यक्रमात, आवाज चांगला नसतो. आमच्यातले लोक हे सहसा कबूल करत नाहीत, पण खरं आहे. उघड्या मैदानात वारा आवाज पळवतो, बेस ड्रम सगळ्यांच्या उरावर बसतो, गायकाचे निम्मे शब्द हवेत जातात, आणि तुम्ही डाव्या स्पीकरसमोर अडकलात तर उजवीकडचा गिटारवाला तुमच्यापुरता मुका. हीच गाणी घरी बऱ्यापैकी हेडफोनवर कितीतरी स्वच्छ ऐकू येतात. मग एवढे पैसे घालून धक्के खायला कशाला जायचं? हा प्रश्न मला घरच्यांनी विचारलाय, ऑफिसातल्यांनी विचारलाय, आणि एका कार्यक्रमाच्या गेटवर बंदोबस्ताला असलेल्या हवालदारानेही अगदी मनापासून विचारलाय. उत्तरादाखल लोक 'एनर्जी', 'व्हाइब' असलं काहीबाही सांगतात. मी हात बघायला जातो.

आयर्न मेडनचंच घ्या. १९७५ साली पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस नावाच्या बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाने हा बँड काढला. एरवी बेसवाला मागे ड्रमरच्या आडोशाला उभा राहतो, निम्म्या श्रोत्यांना त्याचं नावही माहीत नसतं. मेडनमध्ये बेसवालाच मालक, गाणीही बरीचशी त्याचीच. त्याच्या वाजवण्यात एक चाल सतत येते, तिला सगळे 'गॅलप' म्हणतात. एक लांब, दोन आखूड. तबल्याच्या भाषेत धाऽतिट धाऽतिट धाऽतिट, आणि तेही चांगल्या चढ्या लयीत, मिनिटंच्या मिनिटं. कॅसेटवर ऐकताना माझी खात्री होती की हे पिकने, म्हणजे तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीने, वाजवलंय. मग कुठेतरी वाचलं की हा बाबा पिक वापरतच नाही, उजव्या हाताची बोटं फक्त. मला ते पटेना. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटण्यासारखं ते नव्हतंच.

माझं मेडन भोसरीत सुरू झालं. वर्गातल्या एका मित्राच्या मोठ्या भावाकडे कॅसेटी होत्या. कव्हरवर एडी, म्हणजे डेरेक रिग्ज या चित्रकाराने काढलेला तो हाडकुळा, डोळे जळणारा प्राणी. आजीने त्याला पाहिल्यावर "हा वेताळ देवघरासमोर नको" एवढंच म्हटलं. म्हणून कॅसेटी माझ्या दप्तरात राहायच्या. मी मराठी माध्यमाचा, त्यात गाणारा ब्रूस डिकिन्सन अर्धे शब्द किंचाळून म्हणणार. कळायचं काय, कपाळ! त्यामुळे मला गाण्याचे शब्द कधी पाठ झालेच नाहीत. पाठ झाल्या त्या गिटारी. दोन गिटारी जोडीने वर चढतात, एक सूर वर, एक त्याच्या खाली, तो सगळा प्रवास मी तोंडाने म्हणायचो. सायकलवरून क्लासला जाताना, नळावर पाणी भरताना. शेजारच्या काकूंना वाटायचं पोरगं देवाचं काहीतरी म्हणतंय.

१७ मार्च २००७ ला मेडन पहिल्यांदा भारतात आले, बंगळुरूला. तेव्हा जमलं नाही. वर्षाच्या आत बातमी आली की पुढचा जागतिक दौरा ते मुंबईतून सुरू करणार आहेत. मला ते आधी अफवाच वाटलं. कारण आपल्या वाट्याला मोठे बँड येतात ते उतारवयात, नाहीतर ऑस्ट्रेलियाला जाता जाता वाटेत. इथे मात्र १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल, दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम! बँडने एक अख्खं बोइंग ७५७ घेतलं होतं, विमानाच्या मागच्या भागातल्या सीटा काढून तिथे सामानाची जागा केली होती, आणि ते चालवणारा वैमानिक म्हणजे गायक स्वतः. ब्रूस डिकिन्सनकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता, हौस म्हणून नव्हे, तो त्याचा दुसरा पेशाच होता. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम असा त्या पहिल्या टप्प्याचा बेत. पुढे २००९ मध्ये या प्रवासावर माहितीपट निघाला, त्यात मंचावरचं पहिलं गाणं दिसतं ते मुंबईतलं. त्या गर्दीत मी कुठेतरी आहे. कितीदा पॉज करून शोधलं, पण काळ्या टी-शर्टांत काळा टी-शर्ट काय सापडणार.

शुक्रवार होता. सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने आम्ही चिंचवडहून निघालो. लोणावळ्यापर्यंत डब्यात रोजचे पासवाले, पत्त्यांचे डाव आणि आम्ही काही काळे टी-शर्ट. कर्जतनंतर पत्तेवाल्यांपैकी एकाने विचारलं, "कुठल्या मयताला चाललाय का रे?" कुर्ल्याहून रिक्षा करून मैदानावर पोचलो तर दुपारीच लांबलचक रांग. नागालँडहून आलेली मुलं होती, तीन दिवसांच्या प्रवासाने सुजलेले डोळे आणि पाठीवर हाताने शिवलेले बिल्ले. कोलकात्याचे होते, बंगळुरूचे तर ढिगाने. ते आधीच एकदा बघून आलेले, म्हणून आम्हाला वडीलकीच्या नात्याने सल्ले देत होते. गेटवर खिळ्यांचे पट्टे, साखळ्या, इतकंच काय खिशातली नाणीसुद्धा काढून घेत होते. पोत्यावर चिल्लरीचा ढीग पडला होता. परतीच्या रिक्षाला सुटे कुठून आणायचे, याची फिकीर त्या घडीला कुणालाच नव्हती.

मेडनच्या कार्यक्रमात एक रीत आहे. दिवे जाण्याआधी स्पीकरवर यूएफओ या जुन्या ब्रिटिश बँडचं एक ठरावीक गाणं लागतं. नवख्याला ते भरतीचं वाटतं. जाणत्यांना माहीत असतं की हे संपलं की सुरू. त्यामुळे ते गाणं लागताच मैदानात निम्मे लोक उड्या मारायला लागतात आणि उरलेले निम्मे "काय झालं, काय झालं" करत मागेपुढे बघतात. मग अंधार. मग महायुद्धातल्या चर्चिलच्या १९४० सालच्या भाषणाचा तुकडा, आणि त्यावर हजारो लोकांचा असा आवाज की चर्चिल जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि मग पहिला तडाखा. तो कानाला नाही, छातीला बसतो. बरगड्यांच्या आत कुणीतरी दार ठोठावल्यासारखं होतं आणि आपला श्वास आपल्या हातात राहत नाही. मागून गर्दीचा लोंढा आला, माझा डावा पाय जमिनीवर नव्हता, उजवा कुणाच्या तरी बुटावर होता, आणि त्याच अवस्थेत मला पहिल्यांदा हॅरिसचा उजवा हात दिसला.

खरोखरच पिक नव्हतं. तर्जनी आणि मधलं बोट, आळीपाळीने, मनगट जवळजवळ स्थिर. बाकीचा माणूस मंचभर पळतोय, पाय मंचावरच्या मॉनिटर स्पीकरवर ठेवून बेसची मान बंदुकीसारखी आमच्यावर रोखतोय, ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलतायत, पण मनगटाखाली त्या दोन बोटांना या कशाचाही पत्ता नाही. ती आपली धाऽतिट धाऽतिट करत बसलीत. एवढा वेग आणि एवढा निवांतपणा एकाच हातात मी तोवर पाहिला नव्हता. पुढची तीन-चार गाणी मी गायकाकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघायला बाकी सगळे होतेच, आणि तोही इजिप्तच्या देखाव्यावरून पायऱ्या चढत-उतरत, धावत-उड्या मारत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असल्याची कसलीच खूण न दाखवता गात होता.

मग डावीकडे सरकलो, गिटारींसाठी. १९९९ पासून मेडनमध्ये तीन गिटारी आहेत. डेव्ह मरे हसत हसत वाजवतो. डाव्या हाताची बोटं तारांवर अशी फिरतात की तार दाबली की नुसती हात लावून सोडली, कळू नये. एड्रियन स्मिथचा हात हिशेबी, एक सूर फुकट नाही. यानिक गर्स गिटार हवेत फेकतो, गळ्याभोवती फिरवतो. मला त्याचा थोडा रागच यायचा, कारण तो काय वाजवतोय ते दिसतच नाही. माझ्या मते तिसरी गिटार नसती तरी चाललं असतं. हे मी मेडनवाल्यांच्या घोळक्यात बोललो की भांडण ठरलेलं.

आता मानेबद्दल. हेडबँगिंग म्हणजे झिंगल्यासारखं डोकं हलवणं असं लोकांना वाटतं. जरा नीट बघा. गाणं चढ्या लयीत असतं तेव्हा कुणीही प्रत्येक ठोक्याला मान हलवत नाही, मान तुटेल. मान निम्म्या लयीत पडते, एक सोडून एक. हजारो माना एकाच वेळी खाली जातात आणि रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जिथे फिरून सुरू होतो तिथे सगळ्यात जोरात. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव व्हायचा तेव्हा एका मित्राच्या नादाने मी तिथे जायला लागलो. तिथे तबला सोलो सुरू झाला की सतरंजीवर बसलेले आजोबा मांडीवर बोटं मोजतात आणि समेला हात उलटा टाकतात. डोळे कुठे असतात? तबलजीच्या हातांवर. मला तिथे अजिबात परकं वाटलं नाही. फरक एवढाच की तिथे मध्ये मध्ये कॉफी मिळते आणि कुणी तुमच्या डोक्यावरून आडवा वाहत जात नाही.

गर्दीच्या हातांवरून वाहत जाण्याबद्दल, पिटबद्दल, म्हणजे मंचासमोर धक्के मारत नाचणाऱ्या घोळक्याबद्दल, पडलेल्याला सगळे मिळून कसे उचलतात याबद्दल खूप लिहून झालंय. ते खरं आहे, मीही पडलोय आणि मलाही उचललंय. एक मात्र सांगायला हवं. सगळीकडे दिसणारी ती तर्जनी-करंगळीची दोन शिंगं रॉनी जेम्स डिओ या गायकाने मेटलमध्ये रुळवली, १९७९ मध्ये ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये आल्यानंतर. ती त्याच्या इटालियन आजीची खूण. दृष्ट लागू नये म्हणून ती तशी बोटं करायची. माझ्या आजीला हे कळलं असतं तर वेताळाबद्दल तिचं मत जरा मवाळ झालं असतं.

मधे एक जवळजवळ चौदा मिनिटांचं गाणं झालं, कोलरिजच्या १७९८ च्या खलाशाच्या कवितेवरचं. त्याच्या मध्यावर सगळं थांबतं. फक्त जहाजाची लाकडं कुरकुरल्याचा आवाज आणि बेसचे मोजके सूर. नेमकं तेव्हाच विमानतळाकडे उतरणारं एक विमान दिवे लावून वरून गेलं, आणि मैदानातल्या टवाळांनी त्याला टाळ्या दिल्या. आमचा गायक खाली असताना वर कोण चालवतंय, असा त्या टाळ्यांचा सूर. त्यानंतर गिटारी परत आल्या.

शेवटाकडे ते गाणं आलं ज्यात मेडनचे श्रोते शब्दांच्या आधी गिटार गातात. जगात कुठेही मेडन वाजवू देत, हे होतंच. सुरुवातीची गिटारची चाल वाजते आणि सगळं मैदान "ओ ओ ओऽ" करत ती चाल घशाने म्हणतं. मी आयुष्यभर हेच करत आलो होतो, नळावर, सायकलवर, शब्द येत नाहीत म्हणून. शेजारी नागालँडचा तो मुलगा होता. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची, आणि इंग्रजी दोघांचंही बेतास बात. तो वरचा सूर धरून होता, म्हणून मी खालचा धरला. दोन गिटारी जोडीने चालतात तशा. त्याने मान वळवून बघितलं, त्याला कळलं की मी मुद्दाम खालचा घेतलाय, आणि त्याने वरचा आणखी ताणला. नाव विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

निको मॅकब्रेन मात्र दिसला नाही. तो मेडनचा तेव्हाचा ड्रमर. त्याचा ड्रमसेट एवढा मोठा की त्यामागे माणूस आहे की नाही यावर विनोद होतात. तो बेस ड्रमला एकच पेडल वापरतो. मेटलमधल्या बहुतेक ड्रमरचे दोन्ही पाय दोन पेडलवर असतात. हा एका उजव्या पायाने जे काढतो ते काढायला बाकीच्यांना दोन लागतात. ते बघायला मी उजवीकडून, डावीकडून, टाचा उंचावून, शेवटी एका भल्या माणसाच्या खांद्यावर बसूनही प्रयत्न केला. दिसल्या त्या थरथरणाऱ्या झांजा.

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "काय बघितलंस?" मी हॅरिसच्या बोटांचं सांगितलं. पप्पांना गाण्याशी देणंघेणं नाही, पण हातांचं सांगितलं की ते ऐकतात. त्यांची सगळी नोकरी एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या-कापायच्या मशीनवर गेली. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्रेस शॉपमधल्या जुन्या माणसांशी हस्तांदोलन करून बघा, बोटं मोजायची वेळ येते. म्हणून त्या दिवशी मी त्यांना टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. ज्या ब्लॅक सॅबथपासून हे सगळं संगीत निघालं, त्याचा गिटारवाला. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला, वय सतरा. एरवीचं काम वेल्डिंगचं. नोकरीचा शेवटचा दिवस होता, प्रेसवरची बाई आली नव्हती म्हणून याला तिथे बसवलं, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

मला वाटलं पप्पा हळहळतील. पप्पा भडकले. "नवख्या माणसाला प्रेसवर बसवलाच कसा? सुपरवायझर काय करत होता? दोन हातांची बटणं नव्हती का मशीनला?" दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, अशी ती सोय असते. साठ सालच्या आसपासचा जमाना, नसेल, असं मी म्हटलं. "आमच्याकडेही असायची, पण उत्पादन कमी पडतं म्हणून एक बटण बांधून ठेवायचे," पप्पा म्हणाले, आणि मग बराच वेळ कुणाकुणाचं काय गेलं ते सांगत बसले.

मग मी पुढची गोष्ट सांगितली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं. तारा दाबताना त्रास होतो म्हणून हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. १९७१ पासूनच्या सॅबथच्या तबकड्यांवर तो जड, खर्जातला आवाज ऐकू येतो. तेव्हापासून अर्धं मेटल खालच्या सुरातच वाजतंय. प्रेसने खाल्लेल्या दोन बोटांपायी. पप्पांनी विचारलं, "टोपणं कशाने घासून बसवली?" त्यांना तेवढंच महत्त्वाचं वाटलं, आणि मला ते बरोबरच वाटलं.

हल्ली मोठ्या कार्यक्रमांना जायचा उत्साह थोडा उतरलाय. कारण वयाचं नाही, कुंपणाचं आहे. मंचासमोरची जागा आता वेगळ्या, महागड्या तिकिटाची. तिथे जे उभे असतात त्यातले बरेच जण मंचाला पाठ करून स्वतःचे फोटो काढतात, आणि ज्याला गिटारचा प्रत्येक सूर पाठ आहे तो मागे, दोन कठड्यांच्या पलीकडे, मोठ्या पडद्यावर हात शोधतोय. पडदा चालवणाऱ्याला हातांचं काही पडलेलं नसतं. ऐन सोलोमध्ये तो गायकाचा चेहरा दाखवतो. अशा वेळी माझ्या तोंडून जे निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून छोट्या जागा बऱ्या. मुंबईत एकेकाळी धोबीतलावला, झेवियर्सच्या शेजारी, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा कार्यक्रम तिथे गाजायचा. मग आसपासची रुग्णालयं-कॉलेजं आणि आवाजाचे नियम यांत ते बंद पडलं. त्यानंतर डिमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, झिग्नेमा अशी मुंबईची बँडवाली मंडळी पबमध्ये, कॉलेजांच्या महोत्सवांत, मिळेल तिथे वाजवत आली. तिथे ड्रमर तुमच्यापासून चार हातांवर असतो. काठ्यांच्या मुठीला गुंडाळलेली टेप घामाने सुटलेली दिसते. दोन गाण्यांच्या मध्ये तो मनगट झटकतो, बोटं उघडतो-मिटतो, एक घोट पाणी पितो, आणि पुन्हा दोन पायांनी असा सुटतो की समोरच्या टेबलावरचे ग्लास सरकायला लागतात. आवाज तिथेही वाईटच. पण हात दिसतात.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न सिंहासनावर बसून गायला, उभं राहणं त्याला शक्य नव्हतं. अडीच आठवड्यांनी, २२ जुलैला, तो गेला. सगळ्या जगाने त्याच्याकडे बघितलं, तेही साहजिकच. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पप्पांना मी फोनवर त्यातला आयोमी दाखवला. सत्त्याहत्तर वर्षांचा. पप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणि टोपणं शोधून काढली. "अजून तीच बाटलीची आहेत का रे?" म्हणाले. नसावीत, असं मी सांगितलं.

निकोचं मात्र राहून गेलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू बरीच निकामी झाली. तरी काही महिन्यांत तो बँडबरोबर दौऱ्यावर होता. वेगवान फिल, म्हणजे ठेक्याच्या मधे भरायचे ड्रमचे तुकडे, पूर्वीसारखे जमत नाहीत, हे त्याने स्वतःच सांगितलं. त्या दौऱ्याच्या चित्रफिती मी बारकाईने बघितल्या, तो कुठे काय गाळतोय आणि त्या जागी काय भरतोय ते. काही ठिकाणी त्याने फिल साधे केलेत. बाकी बहुतेकांच्या ते लक्षातही येणार नाही, पण ज्याने कॅसेट झिजवलीय त्याला येतं. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोत तो शेवटचं वाजवला. आता त्याच्या जागी सायमन डॉसन आहे. मेडन परत इकडे आले तर मी जाईनच, यावेळी ड्रमच्या बाजूने उभं राहायचं ठरवूनच. पप्पा म्हणाले, "महागड्या कुंपणातलं तिकीट काढ की मग, दिसेल तरी." मी म्हटलं, बघू.